पाळण्याच्या कडीचा दोर

सगुणा आयुष्यात खोटं फारसं बोलली नव्हती, आणि जे काही बोलली होती ते पचलं होतं. हे एकच अंगाशी आलं. आणि ते तरी केवढं? एक अख्खं वाक्यसुद्धा नव्हे. नुसतं "हं."

त्याचं असं झालं. तिची सून अमिषा गेल्या वर्षी न्हावा शेव्याला एका टर्मिनलच्या अग्निशमन दलात भरतीला गेली होती. परीक्षा तीन होत्या. आठशे मीटर धावायचं, पन्नास किलोचा बाहुला ओढत न्यायचा आणि दोरावर नुसत्या हातांनी चढून अकरा फुटांवर बांधलेल्या लाल फडक्याला हात लावायचा. धावण्यात अमिषा बायकांत पहिली आली. बाहुलाही तिनं ओढला. दोरावर मात्र दोन हात वर गेली आणि मांडवावरच्या दुधीसारखी तिथंच लोंबकळत राहिली. वर जाता येईना, खाली यायला मन होईना. मग हात सुटले आणि ती वाळूत बसकण मारून पडली.

गावातली चार पोरंही त्याच भरतीला गेली होती. त्यांच्यातलं एकही पास झालं नाही, पण अमिषाची गोष्ट मात्र त्यांनी ती घरी पोचायच्या आत गावात पोचवली. पुढं महिनाभर नळावर तोच विषय. "आग लागली तं काय दोरावर लटकून फुंकर मारनार काय गो?" असं कुणी म्हणायचं आणि बाकीच्या तोंडाला पदर लावायच्या.

ते हसणं सुनेपेक्षा सासूला जास्त लागलं. सगुणानं वीस वर्षं मिठागरात मीठ ओढलं होतं. मिठागरं गेली, बंदर आलं, तिचा मुलगा परेश त्याच बंदरातून कंटेनरचा ट्रेलर घेऊन आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर असायचा. पण बंदराच्या फाटकातून आत जाऊन महिन्याचा पगार घेऊन येणारी बाई त्यांच्या आळीत एकही नव्हती. ती आपल्या घरातून निघावी असं सगुणाच्या मनानं घेतलं होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं. काही गोष्टी माणसाला हव्या असतात, एवढंच.

यंदा पुन्हा जाहिरात आली. बायकांसाठी दोन जागा. परीक्षेला पाच महिने होते, आणि परीक्षेनंतर दोनच महिन्यांनी अमिषाची वयाची मुदत संपत होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

"पन या वेली झाल्याबिगर कुनाला कलू द्यायचा न्हाय," सगुणानं बजावलं. "परेशला सोडून कुनाला न्हाय."

आता प्रश्न आला लटकायचं कुठं. गावात जिम होती, पण तिथं आरशात आपलेच दंड बघत बसणारी पोरं, आणि त्यांत ती चारही. सगुणानं घरात नजर फिरवली. पुढच्या खोल्यांवर स्लॅब पडला होता, पण माजघर अजून कौलारू होतं आणि त्याच्या सागवानी तुळईला एक लोखंडी कडी होती. पाळण्याची कडी. परेश तिच्याखाली झोपला होता, परेशचा बापही. लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी अमिषाकडून ती कडी वाजली नव्हती. रिकाम्या कडीला रिकामा पाळणा टांगू नये म्हणतात. दोर टांगू नये असं काही कुणी म्हटलेलं नाही, अशी सगुणानं आपल्या मनाची समजूत घातली आणि परेशचा ताडपत्री बांधायचा दोर त्या कडीतून ओवला. ती धरते की नाही हे बघायला साठीची सगुणा आधी स्वतः लटकली. कडी धरली. सगुणाची कंबर मात्र दोन दिवस धरली होती.

अमिषानं मोबाईलवर बघून बरंच काही ठरवलं होतं. सकाळी हे, संध्याकाळी ते, इतके वेळा, तितके वेळा. पहिल्या आठवड्यात तिच्याच्यानं एकदाही हनुवटी मुठीच्या वर गेली नाही. हात थरथरायचे, तोंड लाल व्हायचं, आणि शेवटी चटईवर पडून ती म्हणायची, "आई, माझ्या दंडात जीवच नाही हो. पाय पळतात, हात काय कामाचे नाहीत."

सगुणा भाकऱ्या थापता थापता बघत होती. पाचव्या दिवशी तिनं हात धुतले आणि पाटावर पाट, त्यावर स्टूल असं रचून सुनेला वर चढवलं.

"तुना चढता येत न्हाय ना? मंग उतराला शिक."

"म्हणजे?"

"मिठाची टोपली डोक्यावर घेताना कोनी पन घेतं. दोघी जनी हात लावतात, टोपली चढते. उतरवताना मान मोडते, बाय. जी हलू उतरवते तिच्या अंगात जोर असतो. वरून दोर धर, पाय सोड, आनि खाली ये. पन हलू. मी धा म्हनंपर्यंत पाय भुईला लागला न पाहिजे."

पहिल्या दिवशी सगुणा तीन म्हणाली तेव्हा अमिषा खाली होती. पंधरा दिवसांनी सहा. महिन्यानं दहा. मग सगुणानं लबाडी सुरू केली. ती सात आणि आठच्या मध्ये चुलीवरची आमटी हलवून यायची आणि वर अमिषा दात-ओठ खात, सासूच्या नावानं मनात काय काय म्हणत लोंबत राहायची. तळहाताला फोड आले, फुटले, त्यांवर हळद आणि खोबरेल बसलं, आणि खाली नवी जाड कातडी आली. रोज चार अंडी, सुकट, भाकरी. दोन महिने झाले आणि एका संध्याकाळी, स्टुलाशिवाय, अमिषाची हनुवटी मुठीवर गेली. एकदाच. पण गेली. दोघींनी तोंडावर हात ठेवून आरडाओरडा केला.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी शेजारची कमळ विरजण मागायला दारात उभी राहिली.

कमळ वाईट बाई नव्हे. फक्त तिच्या पोटात काही राहत नाही. तिनं बघितलं काय, तर तुळईच्या कडीला दोर, त्याखाली चटईवर घामानं निथळत पडलेली सून आणि आनंदानं डोळे ओले झालेली सासू.

"अगो बाय!" कमळ म्हणाली. "पालना बांधतंस काय सगुणे?"

आता खरं सांगावं तर पुन्हा नळावर दुधी टांगला जाणार. काही न सांगावं तर कमळ विचारल्याशिवाय हलणार नाही. सगुणाच्या तोंडून निघून गेलं, "हं."

बस्स, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी चिंचा आल्या. तिसऱ्या दिवशी कैऱ्या. आठवड्यात चौघीजणी चोरओटी भरायला हजर झाल्या, आणि हिरव्या खणात नारळ घेऊन बसलेल्या अमिषाचा चेहरा असा झाला होता की बायकांना वाटलं, मळमळतंय बिचारीला. त्या गेल्यावर अमिषानं दार लावलं.

"आई, हे काय करून ठेवलंत तुम्ही? उद्या काय सांगणार आहोत यांना?"

"परीक्षा होऊ दे. पास झालीस की कोन इचारतंय? पेढं खातील नि गप बसतील."

"आणि नाही झाले तर?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तसलीच ही गत. पण मारुती झालाच होता, तर आता त्याला शेंदूर फासत राहणं आलं. अमिषा पहाटे मिठागराच्या जुन्या बांधावर धावून यायची, आणि आळी जागी व्हायच्या आत घरात शिरून वाकळ ओढून पडायची. दिवसा बायका तिच्या हातातली घागर काढून घ्यायच्या. पुढच्या तीन महिन्यांत तिचं पोट जागच्या जागी राहिलं आणि दंड मात्र वाढत चालले. "अजून दिसत कसा न्हाय गो?" कमळ काळजीनं विचारायची. "आमच्या घरान्यात उशिरा दिसतं," सगुणा सांगायची. खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. त्याचा खुराक अंड्यांपेक्षा जास्त.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अमिषाला उलटी झाली. "काही नाही, टेन्शन आहे," ती म्हणाली. सगुणानं लिंबूपाणी दिलं आणि दोघी सहाला निघाल्या. सोबतच्या माणसांना मैदानाच्या जाळीबाहेर उभं राहायची मुभा होती. सगुणा जाळीत बोटं अडकवून उभी राहिली.

धावणं सातला झालं. अमिषा पुन्हा पहिली. सगुणा खूश होऊन इकडंतिकडं बघते तर जाळीच्या आत, हातात यादी घेऊन, कमळचा भाचा गणराज उभा. तो तिथं कंत्राटावर कारकून होता. त्याचे डोळे विस्फारले होते आणि तो अमिषाकडे असा बघत होता, जणू ती भरल्या विहिरीच्या काठावरून पळत होती. मग तो तडक अधिकाऱ्याकडे गेला आणि त्यांच्या कानाशी लागला. तो काय सांगतोय ते तिला एक शब्द न ऐकता कळलं.

अधिकारी विनेश साहेब, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी अमिषाला बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्ही गरोदर आहात असं मला कळलंय. तसं असेल तर मी तुम्हाला दोराला हात लावू देणार नाही. पुढच्या भरतीला या."

"सर, पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही. आणि सर, मी नाहीये."

"आख्ख्या गावाला माहीत आहे साहेब," गणराज मध्येच काकुळतीनं म्हणाला. "ओटीपन भरली."

सगुणानं जाळी धरून हाक मारली. एकदा, दोनदा, मग आसमंत दणाणेल अशी. साहेब जाळीपाशी आले. सगुणानं पदर डोक्यावर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या पुरुषासमोर आपली लबाडी उघड केली.

"साहेब, तिच्या पोटात काय न्हाय. मीच गावात तसं सांगितलं. खोटं बोलले."

"का?"

"ती दोरावर चढाला शिकत होती. गेल्या वर्षी लोक हसले. म्हनून."

"आजी, तेव्हा बोललात ते खोटं मानू की आता बोलताय ते? तुमच्या सुनेला काही झालं तर मला उत्तर द्यावं लागेल. मला डॉक्टरांचा कागद हवा. एक वाजेपर्यंत मैदान उघडं ठेवतो."

नाक्यावर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. नर्सनं सांगितलं, बाई अकराला येतात. दोघी बाकावर बसल्या. समोर भिंतीवर गुबगुबीत बाळांचं कॅलेंडर. सगुणानं त्याच्याकडं पाठ केली.

"आये, चुकलं माझं," ती म्हणाली. सुनेला आये म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

अमिषा आपल्या तळहातावरचे घट्टे चोळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "आई, एक सांगू? मला आठ दिवस वर झालेत."

सगुणाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा सकाळची उलटी आठवली. "मंग बोलली का न्हायस?"

"व्यायामानं मागंपुढं होतं, असं वाचलेलं. वाटलं, तेच असेल."

आता माणसाची काय दशा होते बघा. चार वर्षं सगुणा कार्ल्याच्या एकविरेला साकडं घालत होती. पायऱ्या चढून जाऊन पदर पसरला होता, उपास धरले होते, नवस बोलली होती. देवीनं ऐकलंच असेल तर ते आजच ऐकायला हवं होतं का? तिनं डोळे मिटले. ओठांवर जे आलं त्याची तिला स्वतःलाच भीती वाटली, पण आलं ते आलं. आये, आज नको. देनार असशील तं मागून दे, पन आज नको. मग तिला वाटलं, आपण किती वाईट बाई आहोत. तरीही पुन्हा तेच म्हटलं. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले, आणि ती तेच म्हणत राहिली.

डॉक्टरीणबाई बाराला आल्या. तपासणी झाली. आणखी दहा मिनिटं गेली. मग बाई बाहेर आल्या, चष्मा काढला आणि हळुवार आवाजात म्हणाल्या, "नाही आहे हो. वाईट वाटून घेऊ नका. अजून वय आहे, होईल."

"देवी तुमचं भलं करो!" सगुणानं बाईंचे दोन्ही हात धरले. तिचा जीव असा भांड्यात पडला की आवाज नर्सलासुद्धा ऐकू गेला असेल. "लई भलं करो! कागद द्या लवकर, शिक्का मारून."

डॉक्टरीणबाई शिक्का मारेपर्यंत सासूकडून सुनेकडे आणि सुनेकडून सासूकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अशी सासू त्यांना भेटली नसावी.

पावणेएकला दोघी मैदानात पोचल्या. इतर उमेदवार आटपून सावलीला बसले होते. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून फायलीत ठेवला आणि म्हणाले, "चला." अमिषानं बाहुला ओढला. सकाळपासून पोटात लिंबूपाण्याशिवाय काही नव्हतं, तरी ओढला. मग ती दोराखाली उभी राहिली. दोर उन्हात तापलेला. वर ते लाल फडकं.

सगुणा जाळीला चिकटली. तिच्या तोंडून मोजदाद सुरू झाली, नेहमीसारखी, फक्त आवाज न करता. अमिषानं उडी न मारता दोर धरला. एक हात, दुसरा हात. पाय मोकळे लोंबत होते. तिसरा हात. गेल्या वर्षी ती याच्या हातभर खालीच अडकली होती, असं सगुणाला बायकांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की ती जागा तिला न बघताच पाठ झाली होती. चौथा हात. आता वीतभर उरलं. आणि अमिषा थांबली.

तिचा उजवा हात घामानं निसटला आणि अंगठाभर खाली आला. सावलीतली पोरं उठून उभी राहिली. गणराजनं डोळे झाकून घेतले. खांदे थरथरताना जाळीबाहेरून दिसत होते. पण अमिषा सुटली नाही. दात-ओठ खात ती त्याच जागी लोंबत राहिली. सात आणि आठच्या मध्ये सासू आमटी हलवायला जायची तेव्हा राहायची, अगदी तशी. तिथं राहायची सवय तिच्या हातांना झाली होती. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. उजवी मूठ पुन्हा आवळली. आणि मग डावा हात सुटा झाला, वर गेला, आणि लाल फडक्यावर थापकन पडला.

"पास," साहेब म्हणाले. नुसतं तेवढंच. त्यांनी यादीवर खूण केली. दोन जागांसाठी बायकांतली ती दुसरीच खूण.

खाली येताना मात्र अमिषा पडली नाही की घसरली नाही. एकेक हात टाकत, हळू उतरली.

सगुणा जाळीबाहेर मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. गंगेत घोडं न्हालं होतं. गणराज बाहेर येऊन हात जोडून उभा राहिला. "काकी, मी भल्यासाठीच सांगितला. माज्या डोक्यात तुमचा नातूच होता."

"तुझा काय गुना न्हाय रं," सगुणा नाक पुसत म्हणाली. "घरी जा नि तुज्या मावशीला सांग, सगुणा खोटं बोलली. नको. मीच सांगते. तू सांगशील तं त्याचं भलतंच होईल."

परतीच्या रिक्षात परेशचा फोन आला. तो भिवंडीजवळ कुठंतरी ट्रेलर उभा करून थांबला होता. अमिषाला मोबाईल कानाशी धरता येईना म्हणून सगुणानंच तो धरला. पलीकडून त्याची आरोळी रिक्षावाल्यालाही ऐकू आली. सगुणानं फोन ठेवला. दोन्ही बाजूंनी कंटेनरच्या गाड्या जात होत्या.

"आई," अमिषा म्हणाली, "दवाखान्यात डोळे मिटून काय मागत होतात?"

सगुणानं खोटं बोलायचं आता पुरतं सोडलं होतं. "नको म्हनून मागत होते. आज नको म्हनून." ती बाहेर बघत राहिली. "चार वरसं मागितलं आनि आज नको म्हनाले. तुना सांगते, कागद बघून मना इतका बरा वाटला, इतका बरा वाटला. मी सासू हाय का कोन हाय?"

अमिषाचा चेहरा वेडावाकडा झाला. हसू येतंय की रडू, ते तिचं तिलाच ठरवता येईना. "मीपण तेच मागत होते," ती म्हणाली. "वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही माझं तोंड बघणार नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आई."

"आता एकविरेला काय सांगू?"

"काय सांगणार?"

"सांगेन, वरीसभर थांब म्हनून. पगार सुरू होऊ दे. समजेल ती. ती पन बाईच हाय."

अमिषाला डोळे पुसायचे होते, पण हात खांद्याच्या वर जाईनात. सगुणानं आपल्या पदरानं ते पुसले, आणि रिक्षावाल्याला पेढ्याच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं.